त्याग आणि टाकणे

वस्तूचा त्याग करणे आणि वस्तू टाकून देणे या दोन्ही क्रिया एकच आहेत काय? वरकरणी दोहोंतही हातातील वस्तू सुटते. म्हणून पुष्कळांची अशी समजूत असते की, निरुपयोगी वस्तू झटपट घराबाहेर घालवितो तो अपरिग्रही, आणि करवंटी, जुने लुगडे, रिकामी बरणी जपून ठेवतो तो आसक्त. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बंगळूरच्या दक्षिण भागात, कनकपुरा रस्त्यावर, बनशंकरी देवीचे मंदिर आहे. त्याची स्थापना १९१५ साली झाली. मंगळवारी, शुक्रवारी व रविवारी राहुकालात तेथे भाविक लिंबाचे दिवे लावतात. लिंबू कापून रस पिळून घ्यावयाचा, उरलेली साल उलटवून तिची वाटी करावयाची, तीत तूप घालून वात पेटवावयाची. व्यवहाराच्या दृष्टीने रस निघाला की लिंबू संपले. येथे मात्र रस निघाल्यावरच ते देवीपुढे ठेवण्यास योग्य होते. ‘उपयोग संपला’ हा निर्णय वस्तूचा नसून आपल्या दृष्टीचा असतो, हे यावरून ध्यानी येईल.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरीराला कष्ट होतील या भयाने जो सोडतो त्याचा त्याग राजस होय, आणि त्यास त्यागाचे फळ मिळत नाही. तेथील संदर्भ कर्माचा आहे. तरी ही कसोटी आपल्या दारातील केराच्या टोपलीसही लागू पडते. धुण्याचे, निवडण्याचे, वेगळे ठेवण्याचे श्रम नकोत म्हणून आपण ओले-सुके एकत्र बांधून फेकतो. ते नाहीसे होते काय? बंगळूरचा असा कचरा वर्षानुवर्षे मावळ्ळीपुरा व मंडूर या गावांच्या वेशीवर पडत असे. ग्रामस्थांच्या विरोधानंतर पहिल्या ठिकाणी २०१२ साली व दुसऱ्या ठिकाणी २०१४ च्या अखेरीस तो टाकणे थांबले. हवेवाचून कुजणाऱ्या ढिगाचे दूषित पाणी भूमीत मुरते. त्याची दुर्गंधी दुसऱ्याच्या लेकरांना सोसावी लागते. आपला भार दुसऱ्याच्या शिरावर ठेवणे यास त्याग कसे म्हणावे?

येथे कोणी शंका घेईल की, मग सर्वच साठवावे काय? तसे नाही. माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेले भांडेही वायाच गेलेले असते. जुन्या लुगड्याची गोधडी होऊन ती कोणाच्या तरी अंगावर गेली, पिळलेल्या लिंबाच्या सालीने तांब्या-पितळेची भांडी उजळली आणि अखेर ती साल खताच्या खड्ड्यात गेली, तरच ते जपणे सार्थ. तिसऱ्या अध्यायात परस्पर देण्या-घेण्यावर चालणाऱ्या चक्राचे वर्णन आहे. त्यास अनुसरत नाही त्याचे जिणे व्यर्थ, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. मातीतून आलेले मातीस परत देणे हा त्या चक्राचाच एक आरा होय.

मंदिरातील दिवा शांत झाल्यावर त्या सालीचे काय होते, हाही उपासनेचाच भाग मानला पाहिजे. तीच साल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली गेली, तर पूजा अर्ध्यावर राहिली असे समजावे. म्हणून कोणतीही वस्तू हातावेगळी करण्यापूर्वी साधकाने स्वतःस एवढेच विचारावे : ही मी कोणास देत आहे, की कोणावर लादीत आहे?