रडू नको म्हणणाऱ्यांत मीही होते

माझी मावसबहीण पेडण्याला असते. तिचा नऊ वर्षांचा मुलगा चार दिवसांच्या तापाने गेला. म्हापशाला बस बदलून आम्ही डिचोलीच्या चौघीजणी भेटायला गेलो. दारातच ती माझ्या गळ्यात पडली आणि तिने हंबरडा फोडला. आमच्यातल्या एक मोठ्या बाई, रोज स्वाध्याय करणाऱ्या, म्हणाल्या, "पुरे गो बाय. हे आर्तध्यान. रडून कर्मच बांधतेस."

ती एकदम गप्प झाली. आणि मी? मी मान हलवली. परतताना बसमध्ये आम्ही तिचं कौतुकसुद्धा केलं, किती धीराची म्हणून!

दीड महिन्याने तिच्या नवऱ्याचा फोन आला. "अक्का, ही बोलत नाही. आम्हाला वाढते, स्वतः पानावर बसत नाही."

त्या बाई शास्त्राबाहेरचं काही बोलल्या नव्हत्या, म्हणून तर मला जास्त लागलं. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार आहेत, त्यांत इष्टवियोग आहेच. पण ते कोणाला होते हेही तिथेच सांगितले आहे: अविरताला, देशविरताला आणि प्रमत्तसंयतालाही. म्हणजे घरदार सोडलेल्या, सहाव्या गुणस्थानावरच्या मुनीलाही. मग परवापर्यंत ज्याचा डबा भरत होती, त्याच्या आईकडून आम्ही पहिल्याच आठवड्यात काय मागत होतो?

सहाव्या अध्यायात शोक, आक्रंदन ही असातावेदनीयाची कारणे म्हणून येतात. तेवढं आपल्याला पाठ असतं. पण सूत्र स्वतःपुरतं थांबत नाही. दुसऱ्याला दिलेलं दुःखही त्यातच मोजतं. तिच्या रडण्याचा हिशेब करणाऱ्या मी माझ्या मान हलवण्याचा हिशेब कुठे मांडायचा?

रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात लक्ष्मण गेल्यावर राम सहा महिने त्याचं शव घेऊन फिरतात. त्याच भवात मोक्षाला जाणारा जीव, बायांनो! देव समजवायला येतात, तेही उपदेशाने सुरुवात करत नाहीत. वाळक्या झाडाला पाणी घालतात, वाळू घाण्यात घालतात, शव खांद्यावर घेऊन समोर येतात. आम्ही पेडण्याला पुरता अर्धा तासही थांबलो नव्हतो.

लोकमान्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्ये प्लेगने गेला, तरी ते कामाला लागले, हे आपण धैर्याचं उदाहरण म्हणून सांगतो. घरात सत्यभामाबाई होत्या. त्या दिवशी त्या काय करत असतील, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

चवथीआधी मी एकटीच पेडण्याला गेले. समजावलं काही नाही. "त्याची चित्रांची वही दाखव," म्हटलं. त्याने तेरेखोलची फेरीबोट काढली होती, माणसांना पायच नव्हते. ती हसली, आणि मग जी रडायला लागली ती दुपार कलली तरी थांबेना. मी तिथेच बसले. मध्ये उठून भात लावला, तेवढंच.

संध्याकाळी तिने विचारलं, "अक्का, बाजारात कुणी मुलं किती विचारलं तर काय सांगू? एक म्हटलं तर तोंडच उचलत नाही."

"दोन सांग," मी म्हटलं. "दोनच आहेत."

मग आम्ही दोघी जेवायला बसलो. भात गार झाला होता.