काच किती खाली घ्यायची?

महिन्यातून एकदा मी गिरगावातून एका कुत्र्याला परळला नेतो. कुत्रा माझा नाही, आत्याचा. नाव मोती, वय तेरा. जात विचारली की आत्या 'गिरगावकर' असं सांगते. परळला जनावरांचं जे जुनं हॉस्पिटल आहे, ज्याला आमच्याकडे सगळे 'बैलघोडा' म्हणतात, तिथे त्याची तपासणी असते. बाबांची जुनी वॅगनार मी चालवतो, बाबा शेजारी, मागे आत्या आणि मोती.

गाडी सुरू झाली की मोती पंजाने काच खरवडतो. काच खाली गेली की डोकं बाहेर. कान मागे उडालेले, डोळे अर्धे मिटलेले, नाक मात्र सतत चालू. लालबागला उन्हाळ्यात मसाल्याचे डंक जोरात असतात, मिरचीचा खकाणा थेट रस्त्यावर येतो. मोती तिथे सटासट शिंकतो, पण डोकं आत घेत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा एक डोळा लाल झाला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, धुळीच्या कणाने बुबुळावर ओरखडा आलाय, गाडीत काच बंद ठेवत जा. परत येताना मी काच बंद केली, एसी लावला. मोती थोडा वेळ काचेला नाक लावून उभा राहिला. मग सीटच्या खाली जाऊन बसला, तो चाळ येईपर्यंत उठला नाही. मला वाटलं, आपण बरोबर केलं. आणि तरी दोन दिवस ते डोक्यातून जाईना.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. एखादं फीचर काढून टाकायचं असेल, तर आधी ते नक्की काय काम करत होतं हे बघायचं, असा आमचा नियम. म्हणून वाचायला लागलो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख असतात. कुत्र्याच्या नाकात 10 कोटींच्या वर, काही जातींमध्ये त्याहून कितीतरी जास्त. नाकपुड्यांना बाजूला चीर असते. सोडलेला श्वास तिथून बाहेर पडतो, त्यामुळे आत येणाऱ्या वासात तो फारसा मिसळत नाही. गाडी पळत असताना नाकावर येणारी हवा दर सेकंदाला नव्या जागेची असते. मला गिरगाव ते परळ म्हणजे सिग्नल आणि ट्रॅफिक. मोतीला कदाचित सुकी मासळी, भायखळ्याकडून येणारा भाजीचा वास, कुणाच्या तरी दारातली मांजर, गॅरेजमधलं ग्रीस, मिरची. आपण खिडकीतून रस्ता बघतो तसा तो रस्ता हुंगतो. काच बंद केली की आपल्याला तरी बाहेरचं दिसतं. त्याच्यासाठी बाहेरचं जवळजवळ संपतं.

पण याला 'मजा' म्हणायचं का? थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने 1974 साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला: वटवाघूळ असणं म्हणजे काय असतं? वटवाघळाच्या शरीराची सगळी माहिती मिळवली, तरी वटवाघळाला आतून काय वाटतं ते आपल्याला कळणार नाही, असं त्याचं म्हणणं. मोतीचंही तेच. त्याचा चेहरा बघून मी म्हणतो, किती खूश आहे! पण ती खुशी कदाचित माझीच, लोकलच्या दारात उभं राहिल्यावरची.

इथे मला एक गंमत आठवली. मोतीच्या तोंडावर फुंकर मारली, तर तो चिडतो, मान फिरवतो. हवा तीच, उलट खिडकीतली कितीतरी जोराची. मग खिडकी का आवडते? मला वाटतं, एक फरक हा की खिडकीत डोकं कधी बाहेर काढायचं आणि कधी आत घ्यायचं, ते तो ठरवतो. फुंकर मी ठरवतो.

हा फरक लोकलच्या दारालाही लागू आहे. 9 जून 2025ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. ते वारा खायला उभे नव्हते. आत जागाच नव्हती. त्यांना डोकं आत घेण्याची सोय नव्हती. तिथे दार बंद होणारी गाडी हवी, त्याबरोबर गाड्याही जास्त हव्यात, यात मला काही शंका नाही. 25 डिसेंबर 2017ला मुंबईत पहिली एसी लोकल धावली, तेव्हा 'आता दारातली मजा गेली' म्हणणाऱ्यांत मीही होतो. आज तसं म्हणताना जीभ अडखळते.

पण बाबांचं दार वेगळं होतं. करी रोडहून सकाळी ठाण्याला जायचे, म्हणजे गर्दीच्या उलट दिशेने. बाकं रिकामी असायची आणि तरी ते सत्तावीस वर्षं दारात उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली आणि मी त्यांची लोकल बंद केली. फोनमध्ये टॅक्सीचं अॅप टाकून दिलं. काळजीच होती. मात्र मोतीच्या खिडकीसाठी मी दोन रात्री वाचत बसलो, आणि बाबांना, जे माझ्याशी मराठीत बोलू शकतात, एकदाही विचारलं नाही की तुमचं यात नक्की काय जातंय.

जॉन स्टुअर्ट मिलने 1859च्या 'ऑन लिबर्टी'त मांडलं की समोरच्याचं भलं होईल एवढं कारण त्याच्यावर जबरदस्ती करायला पुरत नाही. लहान मुलांना त्याने यातून वगळलं. मोतीला बुबुळावरचा ओरखडा समजावून सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने मला ठरवावं लागतं. बाबांच्या बाबतीत ही सबब नाही. आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांना किती पटकन 'लहान मूल' करून टाकतो!

मोतीची काच आता चार बोटं खाली असते. डोकं बाहेर जात नाही, नाक जातं. हे त्याला पुरेसं आहे का, सांगता येत नाही. काच खरवडतो अजून, पण सीटखाली जात नाही. लालबागला शिंकतो.

बाबांना मागच्या रविवारी विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुपारची गाडी रिकामी असते. कुर्ल्यापर्यंत जाऊन येऊ. दारात नाही, खिडकीत बसेन."

मी म्हटलं, मी येऊ का बरोबर?

"ये. पण सारखं आत बसा, आत बसा करू नकोस."