सावलीचे ऋण

ज्याला ऊन सोसत नाही त्याने सावलीत जावे, यात चूक काय? गुरे झाडाखाली जातात, पाखरे भर दुपारी पानांत दडतात. माणसाने तेवढेच केले तर त्याला पळपुटा म्हणण्याचे कारण नाही. तरीही उन्हापासून दूर नेणाऱ्या एका वाटेचा विचार गेले काही दिवस माझ्या मनातून जात नाही. तो आज आपल्यापुढे मांडतो.

ही वाट अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात आहे. टुसॉन हे तिथले वाळवंटातील शहर. जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर गेला तरी तिथे कोणाला नवल वाटत नाही. शहराला लागूनच सांता कातालिना नावाची डोंगररांग उभी आहे. तिचे सर्वांत उंच शिखर माउंट लेमन, उंची ९,१५७ फूट. सारा प्लमर लेमन या वनस्पतींच्या अभ्यासक बाई १८८१ साली नवऱ्याबरोबर या शिखरावर चढल्या, म्हणून शिखराला त्यांचे नाव. लग्नानंतरची सहल होती म्हणे ती! दोघांनी मिळून डोंगर पालथा घालून झाडपाला गोळा केला.

शहर सुमारे २,४०० फुटांवर आणि शिखर ९,००० फुटांच्या वर. हवा जशी वर जाते तशी पसरते आणि पसरताना थंड होते. त्यामुळे तासाभराच्या गाडीप्रवासात उन्हाळा पंधराएक अंशांनी उतरतो. पायथ्याशी सवारो नावाचे खांबासारखे उंच निवडुंग असतात. थोडे चढले की ते संपतात आणि ओकची झाडे लागतात, मग पाइन आणि अगदी वर फर व ॲस्पेन. रस्ता संपतो तिथून मार्शल गल्च नावाची पायवाट एका ओहोळाच्या कडेने जंगलात शिरते. डोक्यावर गर्द फांद्या, पायाखाली पाइनच्या सुयांचा थर. खाली डांबर तापून चटके देत असते, आणि इथे माणूस पाठपिशवीतून स्वेटर काढावा की काय, अशा विचारात असतो.

माझा पहिला प्रश्न असा की, हे सुख कोणाला मिळते? डोंगर सर्वांचा आहे, हवा तर सर्वांचीच आहे. पण वर जायला गाडी लागते, पेट्रोल लागते, सुटीचा दिवस लागतो. भर उन्हात छपरावर कौले बसवणारा मजूर शिखराकडे बघू शकतो, इतकेच. थंडावा निसर्ग देतो हे खरे, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची सोय माणसे करतात, आणि माणसांनी केलेली सोय सर्वांना सारखी कधीच मिळत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ती सोय केली कोणी?

टुसॉनच्या लोकांना उन्हाळ्यात वर जायला चांगला रस्ता हवा होता, पण त्यासाठी कर्ज काढायला मतदार राजी झाले नाहीत. सावली हवी, तिची किंमत मात्र नको, हा स्वभाव काही फक्त टुसॉनचा नव्हे! अखेर फ्रँक हिचकॉक या माजी पोस्टमास्टर जनरलच्या खटपटीने केंद्र सरकारने कैदी कामाला लावले. १९३३ साली काम सुरू झाले आणि १९५० च्या सुमारास संपले. त्या काळात हजारो कैद्यांनी सुरुंग लावून खडक फोडले, दगड उचलले, भराव घातले. डोंगरात त्यांची छावणी होती. तिला भिंत नव्हती की कुंपण नव्हते. पांढरा रंग दिलेले दगड मांडून हद्द दाखवलेली होती, एवढेच.

या छावणीत सारेच चोर-दरोडेखोर नव्हते. युद्धाच्या काळात, माणसाला मारणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून सैन्यात जायला नकार देणारेही तिथे होते. आणि तिथे गॉर्डन हिराबायाशी होता. हा अमेरिकेतच जन्मलेला, सिएटलच्या विद्यापीठात शिकणारा तरुण. आईवडील जपानी, म्हणून १९४२ साली त्याच्यावर रात्री आठनंतर संचारबंदी लागली. बरोबरचे गोरे विद्यार्थी ग्रंथालयात बसून राहत आणि हा धावत खोलीवर परते. एके दिवशी त्याने स्वतःलाच विचारले, मी का धावतो आहे? त्यानंतर तो धावला नाही. जपानी वंशाच्या सर्वांना घरे सोडून छावण्यांत जाण्याचा हुकूम निघाला, तोही त्याने मानला नाही. तो क्वेकर पंथाचा होता आणि देशाच्या राज्यघटनेवर त्याची श्रद्धा होती. १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवणारा निकाल कायम केला.

शिक्षा भोगायला त्याला ॲरिझोनाला जायचे होते, पण त्याला तिकडे पाठवण्यासाठी सरकारकडे पैसे नव्हते. तेव्हा हा पठ्ठ्या वाटेत गाड्यांना हात दाखवत दाखवत स्वतःच टुसॉनला पोहोचला. तिथे त्याची कागदपत्रेच सापडेनात. अधिकारी म्हणाले, जेवून घे, एखादा सिनेमा बघ आणि संध्याकाळी ये. तो सिनेमा बघून संध्याकाळी परत आला! हा प्रसंग वाचून मी हसलो आणि मग बराच वेळ गप्प बसलो. त्याला निघून जाणे किती सोपे होते. आपण उन्हापासून, अडचणीपासून, नकोशा माणसांपासून सुटका करून घेतो आणि तिलाच स्वातंत्र्य म्हणतो. हा मात्र वाळवंट ओलांडून आपल्या पायांनी तुरुंगाच्या दारी आला, आणि त्या दिवशी टुसॉनमध्ये त्याच्याइतका मोकळा माणूस दुसरा कोणी असेल असे मला वाटत नाही. १९८७ साली न्यायालयाने त्याच्यावरचा डाग पुरता पुसला. १९९९ साली छावणीच्या जागेला त्याचे नाव देण्यात आले. आज तिथे जुन्या इमारतींची जोती दिसतात, लोक तंबू ठोकतात, आणि जवळून एक लांब पल्ल्याची पायवाट जाते.

मग या रस्त्याने वर जावे की जाऊ नये? कोणी म्हणेल, अन्यायातून मिळालेले सुख नाकारावे. मला हे पटत नाही. मी उन्हात तळमळत बसलो म्हणून मेलेल्या कैद्याच्या पाठीवरचा एकही दगड हलका होत नाही. दुसरा म्हणेल, झाले गेले गंगेला मिळाले, मी तर कोणाला तुरुंगात घातले नाही. हेही पुरते पटत नाही. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, अपराध आणि ऋण. वडिलांनी केलेला अपराध मुलाचा होत नाही. पण वडिलांची जमीन घेणाऱ्या मुलाला तिच्यावरचे कर्जही घ्यावे लागते. वर फिरायला जाणारा अपराधी नाही. ऋणी मात्र आहे. ज्याचे ऋण तो जगात नसेल तर ते फेडायचे कोणाला? मला वाटते, आज जो उन्हात आहे त्याला.

शिवाय हा आसरा कायमचा आहे असेही नाही. २००३ च्या वणव्यात वरच्या समरहेवन गावातील तीनशेहून अधिक घरे जळाली. २०२० च्या वणव्याने पुन्हा डोंगररांग होरपळली. ऊन वाढते तशी झाडेही थंडाव्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वर सरकू पाहतात, पण शिखराच्या वर जागा नसते. माणूस संध्याकाळी गाडी वळवून घरी परततो. फरच्या झाडाला कुठे जाता येते?

त्याच राज्यातील फिनिक्स शहरात २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर गेला. फिनिक्स ज्या परगण्यात आहे, तिथे त्या वर्षी उष्णतेने ६४५ माणसे दगावली. त्यांतील जवळजवळ निम्मी बेघर होती. तिथे उन्हाळ्यात ग्रंथालये, समाजमंदिरे, चर्चची सभागृहे लोकांना थंडाव्यासाठी खुली ठेवतात: एक खुर्ची, गार पाणी, चालू असलेले वातानुकूलन यंत्र. पण यातली बरीच ठिकाणे संध्याकाळी बंद होत आणि काही तर शनिवार-रविवारीही. रात्रीसुद्धा तिथले डांबर निवत नाही. २०२४ साली शहराने काही केंद्रे रात्रभर उघडी ठेवली. त्या वर्षीचा आकडा होता ६०८.