मासा, पालक आणि पालकत्व

शहरांतल्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांमध्ये हल्ली एक वेगळी बाग दिसू लागली आहे. खाली दोनतीनशे लिटरची टाकी, तिच्यात मासे. वर खडीने भरलेला ट्रे, त्यात पालक, पुदिना, तुळस. एक छोटा पंप टाकीतले पाणी वर चढवतो आणि ते खडीतून झिरपत पुन्हा टाकीत उतरते. या पद्धतीला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. माती नाही, रासायनिक खताची पिशवी नाही. माशांनी पाण्यात जे टाकले त्यावर भाजी वाढते, आणि भाजीने ते शोषून घेतले की पाणी माशांना पुन्हा राहण्याजोगे होते.

ही बाग करणारे तिच्याबद्दल बोलताना ‘चक्र’ हा शब्द हमखास वापरतात. निसर्गाचे छोटे रूप, जिथे काही वाया जात नाही आणि कोणी कोणाला ओरबाडत नाही. शब्द मोहक आहे. आपल्या संस्कृतीत तर चक्र म्हटले की पुढचे प्रश्न आपोआप विरतात. पण इथे एक प्रश्न विरू देऊ नये असे मला वाटते: या टाकीतल्या माशाचे आपण कोण लागतो?

सोपे उत्तर असे, की मासा आपल्यासाठी काम करतो आणि आपण त्याला खाऊ घालतो, म्हणजे हिशेब फिटला. कामाच्या नात्याची आपल्याला जुनी ओळख आहे. वर्षभर राबलेल्या बैलाला महाराष्ट्रातला शेतकरी पोळ्याच्या दिवशी न्हाऊ घालतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळीचा घास देतो. त्या दिवशी मान्य केले जाते की या जनावराचे आपण देणे लागतो. माशाला मात्र पोळा नाही, कारण तो राबताना दिसत नाही. त्याचे ‘काम’ म्हणजे त्याचे श्वास घेणे. कल्ल्यांवाटे तो अमोनिया बाहेर टाकतो, जो साचला तर त्यालाच मारक ठरतो. खडीवर वस्ती केलेले जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट करतात; तेही माशाला विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते झाडाला हवे असते. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास या जिवाणूंचा उलगडा केला. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे असतील, तर ते आपल्याच उत्सर्जनात राहतात.

बैल थकतो, म्हणून त्याचे देणे आपल्याला कळते. मासा थकत नाही, मग देणे कशाचे? माझ्या मते देणे श्रमातून येत नाही, परावलंबनातून येते. बैलाला रानात सोडले तर तो चार दिवस तरी चरून जगेल. टाकीतला मासा पंपाच्या आवाजावर जगतो. रात्री वीज गेली आणि टाकीत दाटी असली, तर काही तासांत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. पालक मात्र सकाळपर्यंत ताजातवाना असतो. त्या रात्री चक्राचे दोन भाग सारखे नसतात.

कोणी म्हणेल, पिकाबरोबर मासे वाढवणे ही काही नवी गोष्ट नव्हे. खरे आहे. अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात आपातानी लोक भातखाचरांत मासे वाढवतात. केरळच्या पोक्काळी शेतांत भात निघाल्यावर त्याच पाण्यात कोळंबी घेतात. पण खाचरातल्या माशाला चिखल असतो, किडे असतात, पाणी ओसरले की शिरायला चर असतो. चुकार माणसाला तो थोडाफार पुरून उरतो. टाकीतल्या माशाला अशी कोणतीही सवलत नाही. त्याचे सगळे जग आपण मांडलेले असते, आणि ज्याने मांडले त्याच्याकडेच जबाब मागायला हवा.

शिवाय चक्र म्हणावे तितके बंदही नसते. माशांना घालायच्या गोळ्या बाहेरून येतात आणि त्यांत पुष्कळदा दुसऱ्या माशांची भुकटी असते. पश्चिम किनाऱ्यावर पकडलेली तारली अशा भुकटीच्या कारखान्यांत जाते. म्हणजे ज्या घरात मासळी शिजत नाही, तिथल्या पालकाच्या पानापर्यंतही कुठल्यातरी जाळ्याचा धागा पोहोचलेला असू शकतो. म्हणून त्या पालकाला अभक्ष्य ठरवावे असे मी म्हणत नाही. शेणखतावरची भाजी आपण खातोच. एवढेच, की निष्पाप बागेचा दावा करू नये.

मांसाहार आणि शाकाहार ही रेघही इथे फारशी उपयोगी पडत नाही. एक जण चिलापी पाळतो, पाणी स्वच्छ ठेवतो, दाटी होऊ देत नाही आणि शेवटी तिला झटपट मारून खातो. दुसरा खायचे नाही म्हणून शोभेचे कोई मासे आणतो. कोई दोन फुटांपर्यंत वाढू शकतो आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. तो अडीच फुटांच्या टाकीत वळूही शकत नसेल, तर न मारण्याचे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होते? माशांना वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. पण २००३ साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल टोचले, तेव्हा त्यांनी खाणे थांबवले आणि ओठ तळाच्या खडीवर घासले. एवढे कळल्यावर शंकेचा फायदा माशाला द्यायला हवा.

दया आली की आपण सोडून देतो. पिंजरा उघडणे ही आपली करुणेची आवडती प्रतिमा. इथे तीही हाताशी नाही. चिलापी आफ्रिकेतली, कोई हा परदेशी मुळाचा. त्यांना नदीत सोडणे म्हणजे तिथल्या मूळ माशांवर संकट सोडणे. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर माशांना कोणी धरत नाही, भाविक कुरमुरे टाकतात आणि मासे आपले आपण जगतात. तिथे हात न लावणे हाच धर्म. घरच्या टाकीत हात काढून घेतला, की तोच अधर्म होतो.

तरीही ही बाग करू नये असे मी म्हणणार नाही, कारण ती एक दुर्मीळ शिस्त लावते. पालकावर मावा पडला तरी औषध फवारता येत नाही. निंबोळीचा अर्कसुद्धा माशांना बाधतो. मासे आजारी पडले म्हणून पाण्यात भरपूर मीठ टाकावे, तर झाडे माना टाकतात. झाडांना पाणी किंचित आम्लधर्मी हवे, जिवाणूंना किंचित अल्कधर्मी. म्हणून सामू सातच्या आसपास ठेवतात, जो कोणाच्याच पूर्ण आवडीचा नसतो. एकाचे भले करताना दुसऱ्याचे काय होईल, हे रोज विचारावेच लागते. एरवी शेतात, कारखान्यात, शहरात हा प्रश्न आपण पुढे ढकलतो, कारण परिणाम दूर कुठेतरी, खालच्या अंगाला होतो. इथे खालचे अंग आपल्याच टाकीत असते.

मराठीत ‘पालक’ ही भाजी आहे आणि सांभाळ करणाराही पालकच. योगायोग शब्दाचा आहे, पण पहिल्याची हौस करताना दुसरे व्हावे लागते. म्हणून टाकी किती लिटरची घ्यावी हे ठरवण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. वीज गेली तर रात्री कोण उठणार? आठवडाभर गावाला गेलो तर दाणे कोण घालणार? बागेचा कंटाळा आला तर हे मासे कुठे जाणार? या तिन्हींची उत्तरे नसतील, तर कुंडीत माती घालून पालक लावावा. तोही चांगला येतो.