वाचलेल्यांचे ऋण

नांदे गावापासून समुद्र दूर आहे; मध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ घाट चढून आमच्या मुळशी तालुक्यावरून गेले. झाडे उन्मळली, पत्रे उडाले, पुणे जिल्ह्यात काही जीवही गेले. टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद होती. दुसऱ्या दिवशी एका वृद्ध भगिनीचा फोन आला. मी म्हणालो, “मावशी, देवानं आपल्याला वाचवलं, त्याचे आभार मानू या.” क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “आभार मानतेच, फादर. पण माझी लेक श्रीवर्धनला दिलीय. तिचं छप्पर गेलं, वाडी गेली. तिनं काय मानायचं?”

मला उत्तर देता आले नाही. आजही तो प्रश्न मनातून जात नाही.

वादळाचा केंद्रबिंदू दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आला. ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगर येथील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. हवामान खात्याने आधीच इशारा दिल्यामुळे हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलविता आले आणि मनुष्यहानी मर्यादित राहिली. ‘मुंबई वाचली’ असा सुटकेचा निःश्वास सर्वत्र ऐकू आला. त्या निःश्वासात श्रीवर्धनला जागा नव्हती.

मग वाचलेल्याने देवाचे आभार मानू नयेत काय? अवश्य मानावेत. परंतु ‘देवाने मला वाचविले’ या वाक्यामागे ‘कारण मी त्याला अधिक प्रिय आहे’ हे दुसरे वाक्य नकळत दडून बसते. पाप आहे ते तेथे. १७५५ साली लिस्बन शहरात भूकंप झाला तो सर्व संतांच्या सणाच्या सकाळी; मिस्सेला जमलेले भाविकच चर्चच्या छपरांखाली गाडले गेले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते हा तर्क प्रभू येशूने स्पष्टपणे नाकारला आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाकडे वळविले. संकट हा मृतांवरचा निवाडा नव्हे. जिवंत राहिलेल्यांना दिलेली ती हाक आहे.

म्हणून आभार हे ऋण मानावे. ऋण स्मरणात ठेवावे लागते, आणि ते फेडावेही लागते. प्रत्येक मिस्साबलिदानात आपण प्रभूचे स्मरण करतो, ते केवळ आठवण्यासाठी नव्हे. भाकर मोडून वाटण्यासाठी. वाटण्यावाचून केलेले स्मरण अर्धेच राहते.

पोफळीचे रोप लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. वर्तमानपत्रांतील बातमी मात्र पंधरवड्यात शिळी होते, आणि आपली करुणा बहुधा बातमीइतकीच जगते. प्रिय वाचकहो, आपले स्मरण निदान एका झाडाइतके तरी टिकावे. ज्यांची वाडी गेली त्यांचे नाव प्रार्थनेत घ्यावे, आणि त्यांची वाडी पुन्हा धरेपर्यंत त्यांच्या दाराशी जात राहावे.

त्या मावशींना मी पुढे एवढेच सांगितले, “तिनं काय मानायचं ते मी सांगू शकत नाही. पण आपण काय करायचं, ते आता मला कळतंय.”