जिज्ञासू भक्त : आमची आजी

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्ताला गजेंद्र, अर्थार्थीला ध्रुव, ज्ञान्याला शुकाचार्य, हे दृष्टांत ठरलेलेच. जिज्ञासूपाशी आले की उद्धवाचे नाव घेऊन आम्ही कीर्तनकार मंडळी पुढे सरकतो. आज मात्र, संतसज्जनहो, तेथेच थांबावयाचे आहे. कारण ह्या चौघांतला एक भक्त आमच्या घरी चुलीपुढे बसत असे. ती आमची आजी, वडिलांची आई.

तिला अक्षरओळख नव्हती. हरिपाठ तोंडपाठ. एकादशी तिने कधी मोडली नाही आणि विचारल्यावाचून एक गोष्ट सोडली नाही. कल्हईवाला दारी आला की नवसागर कशाला टाकतोस म्हणून त्याच्यापुढे बसलीच. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून तांबडी मिलो ज्वारी आली. भाकरी धड थापता येईना, सारे गाव नाक मुरडी. ही म्हणे, "तिथल्या बाया ह्याचं काय करत असतील गं?" खडी फोडायच्या कामावर मुकादमाला रोज विचारी, हा रस्ता जाणार कुठे? तो वैतागे. हिला राग ठाऊकच नव्हता.

आम्ही दहाएक वर्षांचे असताना तिने आम्हांस वारीला नेले. वाल्हे सोडून पालखी नीरेवर आली. माउलींच्या पादुकांना स्नान झाले. गर्दीतून वाट काढीत आजी पाण्याच्या कडेला गेली आणि उभीच राहिली. "बाळ, हे पाणी कुठं जातं रं? पंढरीला जातं का? जात असलं तर आपल्या आधी पोचतं, का आपल्या मागनं?" आम्हांला काय ठाऊक! दिंडीत विचारले. विणेकरी म्हणाले समुद्राला. दुसरे एक म्हणाले शेताला. आजीचे समाधान झाले नाही. पंढरपुरात चंद्रभागेत उतरल्यावर तिने ओंजळ भरून घेतली, निरखून पाहिली आणि सोडून दिली.

पुढे आम्ही पाठशाळेत गेलो. कौमुदी झाली, तर्कसंग्रह झाला, उपनिषदे वाचली. घरी परतलो ते पहिल्या कीर्तनाच्या दिवशी. ओसरीवर चार मंडळी बसलेली, डोक्याला नवा फेटा. आजी आतून आली. "बाळ, आता एवढा शिकलास. ते नीरेचं पाणी रं, आपल्या आधी का मागनं?"

ठाऊक नाही, एवढे दोन शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. आम्ही म्हणालो, "आजी, हा अतिप्रश्न झाला. पाण्याचं काय घेऊन बसलीस? नाम घे."

"बरं बुवा," ती म्हणाली. त्या दिवसापर्यंत आम्ही तिचे बाळ होतो.

अतिप्रश्न हा शब्द आम्ही बृहदारण्यकातून उचलला होता. जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्यांना विचारू लागते, आणि तिचा आरंभही पाण्यापासूनच आहे. हे सर्व पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात? ती विचारीत विचारीत ब्रह्मलोकापर्यंत जाते, तेव्हा ऋषी म्हणतात, फार विचारू नकोस, मस्तक गळून पडेल. तेवढे आमच्या बरे ध्यानात राहिले! पुढे तीच गार्गी पुन्हा उभी राहते, दोन प्रश्न बाणांसारखे धरून, आणि त्या प्रश्नांतूनच अक्षरब्रह्माचे निरूपण निघते. ते आम्ही पाठ केले होते. ओसरीवर आठवले नाही.

त्यानंतर आजी शेजारच्या पोरांना विचारी, एसटीच्या कंडक्टरला विचारी. आम्हांस तिने पुन्हा काही विचारले नाही. ती गेली तेव्हा आम्ही परगावी सप्ताहात होतो. विषय गीतेचा सातवा अध्याय.

वर्षश्राद्ध झाल्यावर आम्ही नीरा नरसिंहपूरला गेलो. तेथे नीरा भीमेला मिळते. तीच भीमा पुढे पंढरीला चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. म्हणजे पादुकांच्या स्नानाचे पाणी पंढरीलाच जाते. आळंदीच्या इंद्रायणीचेही पाणी तुळापूरला भीमेत पडून ह्याच वाटेने येते. त्याला मात्र 1980 पासून उजनीच्या धरणात अडावे लागते. नीरेचा संगम त्या धरणाच्या खाली. पालखीला नीरेपासून पंढरपूर गाठायला सुमारे दहा दिवस. नदीला मुक्काम नाही, विसावा नाही, रिंगण नाही. पावसाने भरून चालली असली तर ती रात्रीही चालते. पाणीच आधी पोचणार, आजी.

संगमावर उभे राहून आम्ही हे मोठ्याने बोललो. नावाडी आमच्याकडे पाहू लागला. आजी असती तर हरखली असती, आणि लगेच पुढचे विचारले असते, "मग ते तिथं आपल्यासाठी थांबतं का रं?"