ह्याच्यावर कुठं प्रोजेक्ट असतंय?

जेऊर स्टेशनच्या बाकावर कुर्डुवाडीकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी ओळखीतली एक मुलगी, एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची. मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर आणि त्यात संशोधन प्रकल्पाचा दोन पानी कागद. नव्या शैक्षणिक धोरणानं आता एम.ए.लाही हा प्रकल्प आणला आहे: तिसऱ्या सत्राला ४ क्रेडिट, चौथ्याला ६. पहिल्या पानावर अटी होत्या. प्रकरणं किती, समास केवढा, गाईडची सही कुठं, वाङ्मयचौर्य तपासल्याचा दाखला कुठं. दुसऱ्या पानावर अध्ययन निष्पत्ती. विद्यार्थी संशोधन-समस्या निश्चित करू शकेल, माहिती गोळा करू शकेल, निष्कर्ष मांडू शकेल. प्रत्येक ओळ 'शकेल'वर संपणारी. मला तो 'शकेल' आवडला. अटींच्या पानावर सगळीकडं 'पाहिजे'च होतं.

तिनं विषय ठरवला होता, 'जागतिकीकरणाचा भारतीय शेतीवर झालेला परिणाम'. म्हटलं, एवढी भारतीय शेती तू कुठं बघणार? ती म्हणाली, "पुस्तकं हायत की सर." खरंय. पुस्तकं आहेत आणि त्यांच्यातून उतरवून काढलेले, त्याच नावाचे असंख्य प्रकल्पही आहेत.

"वडील काय करतात?"

"केळीच्या टोळीत हायत. कंदरकडं, वांगीकडं जात्यात. घड उतरवायचे, वाहायचे."

"मग हाच विषय घे."

ती हसली. "सर, ह्याच्यावर कुठं प्रोजेक्ट असतंय?"

ह्या प्रश्नापाशी मी अडकलो. तिला संशोधन जमणार नाही असं तिला वाटत नव्हतं. आपल्या घरात जे चालतं ते अभ्यासाच्या लायकीचं नाही, असं वाटत होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या शिक्षणानं तिला एवढं मात्र पक्कं शिकवलं होतं, आणि कुठल्याही कागदावर ही निष्पत्ती लिहिलेली नव्हती.

ज्या गावात ती हे बोलत होती, ते दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं गाव. पुण्याला मराठीत एम.ए. करून ते नगरच्या महाविद्यालयात जनसंज्ञापन शिकायला गेले आणि तिथं विद्यार्थी असतानाच त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या एका गरीब पोराची गोष्ट. लघुपट करायचाय म्हटल्यावर मुंबईची गोष्टही सुचू शकली असती. ते आपल्या पायाखालच्या मातीकडं वळले. 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं २०१३ चा 'फँड्री', २०१६ चा 'सैराट'. करमाळ्याकडची माळरानं महाराष्ट्रानं पडद्यावर पाहिली आणि आपल्याकडं बघण्यासारखं काही आहे, हे इथल्या पोरांना पहिल्यांदा कळलं. सिनेमाला जे जमलं ते प्रबंधाला का जमू नये?

समाजशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९२८ साली मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्यांच्या हाताखाली एम.ए.चा प्रबंध लिहिला तो चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्याच ज्ञातीवर. विषय घरचा होता, पण म्हणून सोपा नव्हे. घरच्या विषयाची खरी अडचण हीच असते की त्यातलं सगळं आपल्याला आधीच माहीत आहे असं वाटतं.

ह्या पोरीला काय माहीत होतं? वडिलांच्या सदऱ्यावरचे केळीच्या चिकाचे डाग धुतल्यानं जात नाहीत, हे माहीत होतं. ते सदरे तिनंच धुतले होते. पण मजुरी टनावर मिळते की रोजावर, मुकादम उचल देतो तेव्हा हिशेब कोणाच्या वहीत राहतो, केळी घेऊन आखातात जाणारा कंटेनर ज्या दिवशी भरत नाही त्या दिवशी टोळी काय करते, यातलं एकही तिला सांगता येईना. उजनी धरणाचं पाणी १९८० च्या सुमारास अडलं, त्या पाण्यावर आधी ऊस आणि मग केळी आली. धरणात कोणाची जमीन गेली आणि पाणी कोणाच्या जमिनीला मिळालं, हा सगळा इतिहास तिच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. जागतिकीकरण म्हणतात ते तिच्या वडिलांच्या खांद्यावरून रोज कंटेनरात चढतं. त्याला शोधायला दिल्लीच्या अहवालात कशाला जायचं?

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. कागद उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाली, "संदर्भग्रंथ मिळंल का ह्याच्यावर?" म्हटलं, थोडे मिळतील, बाकीचं विचारावं लागेल. गाईड काय म्हणतील याची तिला धास्ती होती, आणि ती खोटी म्हणवत नाही. मोठ्या नावाचा विषय असला की बऱ्याच गाईडांनाही बरं वाटतं.

गाडीची घोषणा झाली. मी पिशवी उचलली. तिनं मोबाईल काढून कानाला लावला.

"आप्पा, जेवलाव का? ... आप्पा, तुमच्या टोळीत माणसं किती हायत ओ?"

पलीकडून बहुधा 'कशाला?' असं आलं असावं, कारण ती क्षणभर थांबली आणि फोल्डरमधल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवत म्हणाली, "सांगा की. लिहून घ्यायचंय."